कॉफीत कुठे गहू असतो?

हा प्रश्न मला आत्तापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. ऑफिसातल्या लोकांनी, शेजारच्या काकूंनी, कॉलेजच्या ग्रुपने, आणि एका लग्नात तर कॉफीच्या स्टॉलवाल्यानेच. त्यांचं बरोबरच आहे म्हणा. कॉफीत गहू नसतो. बी, पाणी, दूध, साखर, कशातच ग्लूटेन नाही, चिकोरीतसुद्धा नाही, म्हणजे फिल्टर कॉफीही सुटली. मग सिलिअ‍ॅक असलेल्या बाईने कॅफेच्या काउंटरला उभं राहून, मागे रांग खोळंबलेली असताना, त्या बिचाऱ्या पोराची उलटतपासणी का घ्यायची? आज त्याच्यावरच लिहायला बसलेय, कारण नवीन निदान झालेले बरेच जण "बाहेरचं खाणं बंद, पण कॉफी प्यायला काय हरकत आहे" असं धरून चालतात आणि मग पथ्य एवढं पाळूनही टीटीजी, म्हणजे रक्तातला या आजाराचा आकडा, खाली का येत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

ज्यांना आजारच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. गहू, जव म्हणजे बार्ली, आणि राय या धान्यांतलं प्रोटीन म्हणजे ग्लूटेन. ते पोटात गेलं की आमच्यासारख्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उठते. आतड्याच्या आतून अन्न शोषून घेणारे बारीक बारीक उंचवटे असतात ते झिजून सपाट होतात, मग कितीही पालक खा नि खजूर खा, अंगाला लागत नाही. माझं तर पोट फारसं दुखायचंही नाही, फक्त हिमोग्लोबिन वर यायला तयार नाही, लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन वैतागले, शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजीची रक्ततपासणी सांगितली, मग एंडोस्कोपी, बायोप्सी, आणि निकाल हातात. (लोहाच्या गोळीबरोबर चहा-कॉफी घेऊ नका बरं का, लोह नीट शोषलं जात नाही, हे आजार असो नसो सगळ्यांनाच लागू.) उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार सापडतो, गव्हाच्या पट्ट्याचा आजार अशीच त्याची ओळख, त्यामुळे आपल्याकडे भाकरी-भात खाणाऱ्या घरात तो पटकन कुणाच्या डोक्यातच येत नाही. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, आयुष्यभर ग्लूटेन बंद, एवढाच इलाज.

आता "एवढंसं गेलं तर काय होतंय" याचा हिशोब एकदा करूनच टाकू. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन गेलं तर बहुतेक सिलिअ‍ॅक पेशंटना चालतं असं मानतात. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, त्यात रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा झालेली दिसली. आणि ब्रेडच्या एका साध्या स्लाइसमध्ये दोन ग्रॅमच्या वर ग्लूटेन असतं, म्हणजे दोन हजार मिलिग्रॅमहून जास्त. १० मिलिग्रॅम म्हणजे त्या स्लाइसचा दोनशेवा भाग, टेबलावरून फुंकर मारून उडवाल एवढा चुरा. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर आपल्या एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाची, मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे, बाहेरच्या देशांतही बहुतेक ठिकाणी हीच. तेव्हा मी जे विचारते ते "कॉफीत गहू आहे का" हे नसतंच, माझा प्रश्न त्या कॉफीला कोणकोण शिवून गेलंय याचा असतो, आणि हो, हे सोवळ्यासारखं वाटतं हे मलाही माहितीये, माझी आजी असती तर तिला एका मिनिटात समजलं असतं.

तर सगळ्यात मोठा घोळ म्हणजे ओट मिल्क.

होतं काय, की नवीन निदान झालेल्यांना बऱ्याचदा दूधही पचत नाही. दुधातली साखर पचवणारं एन्झाइम त्याच झिजलेल्या उंचवट्यांच्या टोकाला तयार होतं, ते टोकच गेलं तर दूध प्यायल्यावर पोट फुगणार, गुडगुडणार. आतडं भरून आलं की बहुतेकांना दूध परत चालायला लागतं, पण तोपर्यंत डॉक्टर सांगतात दूध बंद. मग माणूस कॅफेत जाऊन काय विचारणार, "बिनदुधाचं काय आहे?" आणि समोरचा हसतमुखाने सांगणार, "मॅम, ओट मिल्क ट्राय करा ना, हेल्दी आहे." झालं. आगीतून फुफाट्यात.

ओट्स स्वतः गव्हासारखा नाही हे खरं. पण शेतात तो गव्हा-जवाच्या शेजारी किंवा त्यांच्या आलटून-पालटून येतो, कापणीचं मशीन तेच, ट्रक तोच, गिरणी तीच. त्यामुळे साध्या ओट्समध्ये गव्हा-जवाचे दाणे मिसळलेले असतात, आणि त्याच ओट्सचं दूध केलं तर ते दुधात उतरणारच. वेगळे पिकवून, निवडून, तपासून 'ग्लूटेन-फ्री' म्हणून विकलेले ओट्स मिळतात आणि बहुतेक सिलिअ‍ॅक लोकांना ते चालतातही, पण काही थोड्यांना तेही चालत नाहीत, कारण ओट्सचं स्वतःचं प्रोटीनच त्यांच्या शरीराला खपत नाही. म्हणून माझा नियम सोपा आहे, ओट मिल्कचं कार्टन हातात घेऊन वाचायचं, त्यावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलं नसेल तर ते माझ्यासाठी नाही. आपल्याकडच्या लेबलच्या नियमात अ‍ॅलर्जनच्या यादीत ग्लूटेनची धान्यं म्हणून गहू, राय, बार्ली यांच्याबरोबर ओट्सचंही नाव आहे, तेव्हा लेबलवर खाली ठळक अक्षरात काय 'कंटेन्स' म्हटलंय तिथे आधी नजर टाकायची. 'व्हीगन', 'डेअरी-फ्री', 'प्लांट-बेस्ड' हे सगळे शब्द आमच्या दृष्टीने बिनकामाचे. हिरव्या ठिपक्याचंही तेच, मैदासुद्धा हिरव्या ठिपक्यातच येतो. बदामाचं, सोयाचं, नारळाचं दूध साधारण ठीक असतं, पण तेही लेबल वाचूनच.

बरं, मी ओट मिल्क घेतलं नाही म्हणून सुटले का, तर नाही. माझ्या आधीच्याने घेतलेलं असतं ना.

कधी काउंटरच्या बाजूला उभं राहून नीट बघा. मशीनला ती वाफ सोडणारी दांडी असते, स्टीम वाँड म्हणतात तिला. ती दुधाच्या भांड्यात बुडते, फेस येतो, बाहेर निघते, आणि मग पोरगं ओल्या फडक्याने तिला एक हात मारतं. फडकं एकच. साधं दूध, ओटचं दूध, सोया, सगळ्याला तेच, आणि गर्दीच्या वेळी ते फडकं इतकं माखलेलं असतं की पुसणं म्हणजे सारवणंच झालं. दांडीच्या टोकाला बारीक भोकं असतात, त्यांच्याभोवती वाळलेल्या दुधाचा पिवळट थर दिसतो, कडेने पापुद्रा सुटलेला. भांडीही कधी वेगळी असतात, कधी नुसती विसळून परत तीच. बाणेरला एका कॅफेत मात्र एका मुलीने मला न विचारता वाँड आधी ताज्या फडक्याने पुसली, मग रिकाम्या भांड्यात पाणी घेऊन त्यात वाफ सोडली, मग परत पुसली, आणि म्हणाली "मॅम, माझ्या भाच्याला नट्सची अ‍ॅलर्जी आहे म्हणून सवय लागली." तेव्हापासून मी तिच्या शिफ्टच्या वेळा लक्षात ठेवते, कुणी हसायचं तर हसा.

म्हणून अनोळखी ठिकाणी मी वाँडच्या वाटेलाच जात नाही. एस्प्रेसो, अमेरिकानो, पोर-ओव्हर, कोल्ड ब्रू. मशीनमधून पाणी जातं, कॉफीच्या पुडीतून उतरतं, कपात पडतं, मध्ये दुसरं कोणी येत नाही. दूध हवंच असेल तर थंड दूध बाजूला छोट्या कपात मागायचं, पॅकेटमधून थेट ओतलेलं. आइस्ड लाटेही त्यातल्या त्यात बरी, थंड दूध थेट ग्लासात जातं, फक्त "दूध साधंच ना" हे एकदा विचारून घ्यायचं. काळी कॉफी मला आधी अजिबात आवडायची नाही, कडू काढा वाटायचा. आता चिकमगळूरची कुठली, कोरापुटची कुठली, लाइट रोस्ट की मीडियम, यावर मी इतकी बडबड करते की नवरा उठून जातो.

ब्लेंडरची गोष्ट आणखी वाईट. कोल्ड कॉफी, फ्रापे, शेक, सगळं एकाच जारमध्ये. त्यात आधी ओरिओ शेक झालेला असतो, किटकॅट शेक झालेला असतो, ब्राउनी शेक झालेला असतो, आणि जार नळाखाली धरून एकदा गोल फिरवला की स्वच्छ. पात्याखाली, रबराच्या रिंगेपाशी काळा चुरा अडकलेला असतो तो कुठे जाणार? ओरिओत मैदा, किटकॅटच्या वेफरमध्ये मैदा, ब्राउनीत मैदा. साध्या कोल्ड कॉफीत मैद्याचा कणही नाही, पण ज्या जारमध्ये ती घुसळली त्यात आहे. आइस्क्रीमच्या स्कूपचंही तसंच, एकाच पाण्याच्या भांड्यात सगळ्या फ्लेवर्सचे स्कूप डुंबत असतात आणि त्यात कुठलातरी कुकीवाला फ्लेवर असतोच. मुंबईत, पुण्यात आता काही कॅफे अ‍ॅलर्जीसाठी वेगळा जार ठेवतात, विचारून बघायला हरकत नाही, पण "आहे मॅम" म्हटल्यावर "दाखवता का?" एवढं पुढे विचारायचं. लाजायचं नाही.

मग माल्ट. हा खरा छुपा रुस्तम, कारण नावात ना गहू ना बार्ली. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. हॉर्लिक्समध्ये गहू आणि बार्ली दोन्ही, बूस्टमध्ये, बोर्नव्हिटात माल्ट. लहानपणी उंची वाढावी म्हणून आईने जे जे पाजलं ते सगळं आता मला वर्ज्य, हे तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कॅफेत हे कुठे भेटतं, तर हॉट चॉकलेटच्या पावडरीत भेटू शकतं, चॉकलेट शेकवर भुरभुरवलेल्या कुरकुरीत गोळ्यांत भेटतं, 'माल्टेड' नावाच्या कुठल्याही फॅन्सी पेयात तर भेटतंच. साधी कोको पावडर चालते. म्हणून कॅपुचिनोवर जे तपकिरी भुरभुरवतात ते काय आहे, नुसता कोको की ड्रिंकिंग चॉकलेट, हे विचारते, किंवा सरळ म्हणते वर काही टाकू नका. कॉफीला पर्याय म्हणून हेल्थ स्टोअरमध्ये मिळणारी 'ग्रेन कॉफी' बहुतेक भाजलेल्या बार्लीचीच असते, आणि जपानी-कोरियन रेस्टॉरंटमध्ये पाण्यासारखा फुकट वाढतात तो बार्लीचा चहाही तसलाच.

ऑफिसच्या व्हेंडिंग मशीनवर तर एक स्वतंत्र पोस्ट होईल. हिंजवडीत, खराडीत बसणाऱ्या सगळ्यांना ते मशीन माहितीये. कॉफी, चहा, बूस्ट, टोमॅटो सूप, सगळी बटणं ओळीत आणि नळी एक किंवा दोन. कॉफीचं बटण दाबलं की पहिल्या घोटाला सूपचा वास येतो तो उगाच येत नाही. मी पाच मिनिटं त्या मशीनसमोर उभी राहून भरणाऱ्या दादांना विचारलं की आत मिसळायचं भांडं वेगळं असतं का, त्यांनी दार उघडून दाखवलं, पावडरींचे डबे वेगवेगळे पण खाली मिसळायची वाटी सामायिक, आणि तिच्या कडेला पावडरचा घट्ट चिकट थर. तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये इन्स्टंट कॉफीची बाटली, नुसती कॉफी, प्रीमिक्स नाही, आणि गरम पाणी किटलीतलं.

बशीतल्या बिस्किटाचं राहिलंच. चांगल्या घरची कॅफे असली की कपाच्या शेजारी बशीत एक छोटं बिस्किट ठेवून देतात, प्रेमाने. सांगायचं विसरलं की ते येतंच आणि त्याचा चुरा कपाच्या बुडाला, चमच्याला, बोटाला. उचलून बाजूला ठेवलं तरी मी तो चमचा वापरत नाही. आणि हल्ली चहा-कॉफी बिस्किटाच्या कपात देतात ना, कप पण खाऊन टाका म्हणून, कचरा कमी होतो वगैरे छानच आहे, पण माझ्यासाठी तो उकळतं ग्लूटेन भरून दिलेला कप आहे. पेपर कप द्या म्हटलं की पर्यावरणवादी मैत्रीण डोळे वटारते. स्वतःचा स्टीलचा मग बाळगते आता, दोघी खूश.

काय विचारायचं याचंही थोडं तंत्र आहे. "ग्लूटेन-फ्री आहे का?" हा सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. समोरच्याला वाटतं ही डाएटवाली, आणि तो "हो मॅम, शुगर-फ्री पण आहे" असं काहीतरी उत्तर देतो. त्यापेक्षा "यात ओट मिल्क किंवा बिस्किट किंवा माल्ट पावडर लागते का" आणि "हे ब्लेंडरमध्ये करता का" असं वस्तूंची नावं घेऊन विचारलं की बरोबर उत्तर येतं, कारण तो त्या वस्तू रोज हाताळतो. आणि हो, मी सरळ म्हणते "मला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे." सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नाही, तो ऑटोइम्यून आजार, पण काउंटरवर ते समजावत बसायला ना माझ्याकडे वेळ ना त्याच्याकडे, आणि अ‍ॅलर्जी म्हटलं की माणूस हात धुतो. काही पेशंट मंडळींना हे खोटं बोलणं पटत नाही, त्यांच्याशी माझं या एका मुद्द्यावर कधी जमणार नाही. मोठ्या चेनमध्ये अजून एक करता येतं, दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना अ‍ॅलर्जनची माहिती द्यावी लागते असा एफएसएसएआयचा नियम आहे, तेव्हा "अ‍ॅलर्जन चार्ट बघायला मिळेल का" म्हणायचं. कधी टॅबवर दाखवतात, कधी मॅनेजर आतून चुरगळलेला कागद आणतो. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते, तिकडे १४ अ‍ॅलर्जनची माहिती प्रत्येक खाद्यपदार्थाला द्यावीच लागते, तिच्या गावातल्या साध्या कॅफेतसुद्धा फाइल पुढे करतात, इथे ते यायचंय अजून. पण चार्टमध्ये वस्तू कळते, जार आणि फडकं नाही कळत, ते डोळ्यांनीच बघायचं.

आणि आता जे लोकांना सांगितल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही ते. कॅफेपेक्षा मला साध्या उडपी हॉटेलातली फिल्टर कॉफी कितीतरी सुरक्षित वाटते. डिकॉक्शन, उकळतं दूध, साखर, डावर्‍यात खालीवर ओतून फेस, संपलं. ओट मिल्कचा पत्ता नाही. चहाच्या टपरीवर मात्र चहापेक्षा ग्लासची भीती, कारण गिऱ्हाईक खारी बुडवून खातं, क्रीम रोल बुडवून खातं, तळाला लगदा उरतो, आणि ते ग्लास एकाच बादलीत बुचकळून परत ओळीत. त्या बादलीतलं पाणी संध्याकाळी बघा एकदा. अमृततुल्यवाल्याला म्हणायचं, "दादा, माझ्या मगमध्येच गाळा." इराण्याकडे बन मस्का शेजारच्या टेबलावर, आपण आपला चहा घ्यायचा, दीर्घ श्वास घेऊन वास तेवढा घ्यायचा. वासाने काही होत नाही, मी विचारून घेतलंय.

पण "कॉफी नको, त्यापेक्षा ताक घे" असं म्हणणाऱ्या काकूंसाठी खास: मसाला ताकात हिंग असतो. आणि बाजारात मिळणारा बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंग नव्हे, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, पुष्कळदा गव्हाचं. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आत्ता स्वयंपाकघरात जाऊन बघा हवं तर. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो, आमच्या घरी तोच असतो. जलजीऱ्याचंही हेच. त्यामुळे लग्नात वेलकम ड्रिंक म्हणून ताकाचा ग्लास पुढे आला की मी कोकम सरबत शोधत फिरते, पन्हं असलं तर सोनं, उसाचा रस कुठेही चालतो. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं चिमूटभर हिंगाने काय होतंय?"

मस्तानीचं मात्र अजून ठरलेलं नाही. आंबा मस्तानी म्हणजे दूध आणि आइस्क्रीम, वर सुकामेवा, तत्त्वतः काहीच प्रॉब्लेम नाही, फक्त ते आइस्क्रीम कुठल्या स्कूपने काढलं एवढाच सवाल. सदाशिव पेठेत एका दुकानात दुपारी साडेतीनच्या सुमाराला अजिबात गर्दी नसते, तेव्हा मी आणि माझी बहीण जाऊन नवा डबा फोडायला सांगणार आहोत. बहीण म्हणते तू बोल, मी म्हणते तू बोल, बघू कोण बोलतंय ते.